बेलभंडारावरचा ठेका

ईरम्माकडं कामाला लागायचं म्हणजे आधी डोक्यावरून आंघोळ करून तिच्या देवघरासमोर बसायचं. अर्ज नाही, फोटो नाही, आधार कार्डाची झेरॉक्स नाही. सोमवारी सकाळी यायचं, पदर डोक्यावर घ्यायचा आणि उजवा हात पुढं करायचा. ईरम्मा त्या तळहातावर इष्टलिंगावर वाहिलेलं बेलाचं पान ठेवायची आणि पानावर चिमूटभर बिरोबाचा भंडारा. बेल तिच्या देवाचा, भंडारा त्या बायकांच्या देवाचा. तिच्याकडच्या निम्म्याहून जास्त बायका मंद्रूपकडच्या धनगरांच्या. नुसत्या बेलावर त्यांचा विश्वास बसला नसता, आणि नुसत्या भंडाऱ्यावर ईरम्माचा. मग बाईनं म्हणायचं, "अक्काचं काम सोडून त्याच जागी दुसऱ्याच्या हाताखाली मी जाणार नाही." ईरम्मानंही आपल्या हातावर तसाच बेलभंडार घेऊन म्हणायचं, "काम मागायला आलेल्या माझ्या बाईला मी रिकाम्या हातानं परत पाठवणार नाही." झालं. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला बाई कामावर हजर.

तिचा नवरा गुरप्पा खाटेवर बसून हे सगळं बघायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलाच्या मागावर त्याची तीस वर्षं गेली होती. कान गेले नव्हते, पण सगळं ऐकूनही न ऐकल्यासारखं करायची सवय मागांच्या खडखडाटानं लावून दिली होती. तो म्हणायचा, "अगं, एक स्टॅम्पपेपर आण. देवाला कशाला मुकादम करतीस?"

"स्टॅम्पपेपरला कोण भितंय?" ईरम्मा म्हणायची. "देवाला भितात."

आणि खरं सांगायचं तर अकरा वर्षं तिचंच खरं ठरलं होतं.

विजापूर रोडवर एका मोठ्या डॉक्टरांनी चार मजली दवाखाना बांधला, तेव्हा फरशीवरचे सिमेंटचे डाग ॲसिडनं घासून काढायला ईरम्मा चार बायका घेऊन गेली होती. बोटांची सालं निघाली, पण फरशी अशी निघाली की डॉक्टर चपला हातात घेऊन आत आले. म्हणाले, "बाई, रोजची सफाई करशील का?" ती म्हणाली, "करते की." तेवढ्या दोन वाक्यांवर ठेका मिळाला. चाराच्या आठ बायका झाल्या, आठाच्या बावीस. कोणता मजला कुणाला, कुणाच्या घरी बाळंतपण, कुणाचा नवरा पिऊन मारतो, हे सगळं ईरम्माच्या डोक्यात. हजेरी मांडायला तिनं सोनालीला ठेवलं होतं. सोनाली बार्शीची, बारावी शिकलेली, लग्न होऊन सोलापुरात आलेली. ईरम्मा तिला चारचौघात "माझी लेक" म्हणायची. स्वतःला लेक नव्हती म्हणून असेल, किंवा सोनालीचं अक्षर सुंदर होतं म्हणून असेल.

मोठे डॉक्टर थकले. दवाखान्याचा कारभार मुलाकडं आला आणि मुलानं व्यवस्थापक म्हणून बिभीषण घोडके नावाचा माणूस आणला. घोडके साहेब वाईट नव्हते. कुणाला अरेतुरे करत नसत, बायकांना "ताई" म्हणत. पण दवाखान्याला कसलंसं मानांकन मिळवायचं होतं आणि त्यासाठी प्रत्येक गोष्टीचा कागद लागत होता. झाडूचासुद्धा. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकली आणि त्यांनी ईरम्माला बोलावलं.

ती प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं ते सगळं घेऊन गेली. शॉप ॲक्टचं लायसन, घराचं लाइट बिल, आणि दसऱ्याला झाडूंची पूजा करताना मोठ्या डॉक्टरांबरोबर काढलेला फोटो.

"ईरम्माबाई, बायकांची नेमणूकपत्रं?"

"आहेत की."

"कुठं आहेत?"

"देवाजवळ."

घोडके साहेबांनी चष्मा काढला. तिनं मग सगळं सांगितलं, बेल कसा ठेवते, भंडारा कुठून आणते, अकरा वर्षांत एकाही बाईनं शपथ मोडली नाही हेसुद्धा. ते हसले नाहीत. हसले असते तर तिला राग तरी काढता आला असता.

"ते मी फायलीला कसं लावू, सांगा बरं तुम्हीच," ते म्हणाले. "पीएफची चलनं?"

"बायकाच म्हणल्या, हातात येतंय तेवढं येऊ द्या, कापू नका."

हे खोटं नव्हतं. बायका तसं म्हणाल्या होत्या, दहा वर्षांपूर्वी, एकदा. ईरम्मानं पुन्हा विचारलं नव्हतं आणि समजावूनही सांगितलं नव्हतं. चलन भरायला कुठल्या खिडकीवर जायचं हे तिला कळत नव्हतं, आणि कळत नाही हे कामावरच्या सावित्रम्मासारख्या तोंडाळ बाईपुढं कबूल करणं तिच्यानं झालं नसतं.

आठ दिवसांनी चिठ्ठी आली. एक फेब्रुवारीपासून सफाईचं काम पुण्याच्या शुभ्रधारा सर्व्हिसेस या कंपनीकडं. अकरा वर्षांच्या सेवेबद्दल आभार.

ईरम्मा चिठ्ठी घेऊन तशीच घोडके साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "कागद त्यांच्याकडं आहेत, मान्य. बायका कुठं आहेत त्यांच्याकडं? पुण्याहून रोज रेल्वेत घालून आणणार व्हय?"

"ते त्यांचं ते बघतील, ईरम्माबाई."

"बघू देत. एक तारखेला दुपारी बारापर्यंत वास सुटंल तुमच्या दवाखान्याला. मग मला फोन करताल."

"तसं झालं तर करीन," घोडके साहेब शांतपणे म्हणाले.

हे वाक्य ईरम्मा गाठीला बांधून घरी आली. सोलापुरात दवाखान्याचं काम येणाऱ्या बायका काही रस्त्यावर पडलेल्या नव्हत्या. ड्रेसिंगच्या खोलीतला कचरा कोणत्या पिशवीत, रक्त सांडलं तर आधी काय टाकायचं, आयसीयूत चप्पल कुठं काढायची, हे शिकवायला सहा महिने जातात. कंपनीला ईरम्माच्याच बायका लागणार, आणि ईरम्माच्या बायका बांधलेल्या होत्या. कागदानं नव्हे, देवानं. बायका टिकल्या तर ठेका परत येणार, एवढा साधा हिशेब. ती इतकी निर्धास्त होती की तिनं बायकांना एका शब्दानं विचारलंसुद्धा नाही.

बायकाच आल्या. रविवारी दुपारी, भांडी घासून मोकळ्या झालेल्या वेळी, बावीसच्या बावीस. दारापासून अंगणातल्या नळापर्यंत नुसत्या चपला. सोनाली पुढं होती. सगळ्यांत जुनी राजाबाई उंबऱ्याशी बसून तंबाखू मळत होती.

"अक्का, बोलायचं होतं," सोनाली म्हणाली.

"बोल की. चौकात सभा घ्यायची का हितंच?"

"कंपनीच्या ऋतुजा मॅडम आल्या होत्या. लॉजवर बोलावलं होतं सगळ्यांना. पीएफ देतायत, आठवड्याला सुट्टी, आजारपणाचं कार्ड. नावाचं पत्र देतायत, प्रत्येकीला."

"बरं. आणि मी काय दिलं? तुझ्या बाळंतपणात सव्वा महिना डबा कोण आणून देत होतं गं? पुण्याची मॅडम?"

"तुम्हीच, अक्का. मी कुठं नाही म्हणते?"

"मग?"

सोनालीनं मान खाली घातली, पण आवाज खाली आणला नाही. "डब्यावर म्हातारपण निघत नाही, अक्का."

गुरप्पानं खाटेवर कूस बदलली. मग सावित्रम्मा पुढं झाली. एरवी भांडायला कायम तयार असलेली ती बाई हात जोडून म्हणाली, "यव्वा, तुझ्या हातानंच चढवलाय बेलभंडार, तुझ्या हातानंच उतरव. आम्हाला मोकळं कर. लेकरंबाळं आहेत. देवाचं काही होऊ नये."

इथं ईरम्माला दोन वाटा होत्या. तिला त्या दिसल्याही असतील. पण तिच्या डोळ्यांसमोर घोडके साहेबांचा चष्मा होता आणि दुपारी बाराला सुटणारा वास होता.

"देवापुढं दिलेला शब्द म्हणजे परकर आहे व्हय, मळला की बदलायला?" ती म्हणाली. "मी उतरवणार नाही. जिला जायचं तिनं शपथ मोडून जावं, आणि पुढं घरात काही वेडंवाकडं झालं तर माझ्या दारात रडत येऊ नये."

हे बोलायला नको होतं. तोंडातून गेल्यावर तिचं तिलाही कळलं. एकदोघींनी पटकन आपल्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवले. पण बोललेलं मागं घेणारी ईरम्मा नव्हती. ती म्हणाली, "एक तारखेला कोण कुठं उभी राहते ते मी गेटावर येऊनच बघते. आता चहा घेऊन जावा."

चहा कुणी घेतला नाही. चपलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

"बघितलंत? भ्याल्या," ईरम्मा गुरप्पाला म्हणाली.

"चहा न घेता गेल्या की गं."

"भीतीनं."

"जायचं ठरवलेल्या माणसाच्या घशातनं चहा उतरत नसतोय, ईरम्मा. मागावर बघितलंय मी. दुसऱ्या कारखान्यात जायचं ठरलं की आठ दिवस आधी माणूस मालकाच्या विडीला हात लावत नाही."

"साकु, बास झालं. गप पडा तुम्ही."

एक तारखेला ईरम्मा चारला उठली. पूजा केली. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढले, गेल्या पाडव्याची इरकल नेसली, आणि पावणेसहाला दवाखान्याच्या गेटासमोर, चहाच्या टपरीजवळ येऊन उभी राहिली. थंडी होती. वॉचमन येडू कानाला मफलर गुंडाळून बसला होता. त्यानं तिला बघून सलाम ठोकला आणि मग कुठं बघावं हे न कळून गेटाच्या कडीकडं बघत राहिला.

सहाला पाच कमी असताना एक पांढरी मिनीबस आली.

त्यातून एकेक बाई उतरू लागली. साडीवर निळा कोट, डोक्यावर निळी टोपी. ईरम्मानं आधी ओळखलंच नाही. कपड्यानं माणूस इतकं बदलतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, आणल्या वाटतं पुण्याहून. मग तिसरी उतरली ती लंगडत, आणि ते लंगडणं तिच्या ओळखीचं होतं. तिनं तोंडाकडं बघितलं. प्रत्येकीच्या कपाळावर, टोपीच्या कडेखाली, भुवयांपर्यंत माखलेला पिवळाधमक भंडारा. ताजा. दोन दिवसांचासुद्धा नव्हे.

सांगायला कुणी लागलं नाही. देवळात जाऊन आल्या होत्या.

एकेक करून त्या तिच्यासमोरून गेल्या. कुणी पदर पुढं ओढला, कुणी चालण्याचा वेग वाढवला. सावित्रम्मानं मात्र थेट बघितलं. त्या नजरेत लाज नव्हती, रागच होता. पोराबाळांवर घातलेल्या शब्दाचा. शेवटी सोनाली उतरली. तिच्या कोटाचा रंग वेगळा होता, खिशावर सुपरवायझर लिहिलेलं. ती पाया पडायला वाकली, तशी ईरम्मानं पाय मागं घेतले.

"काल गेलो होतो गावाकडं, बिरोबाला," सोनाली वाकलेलीच म्हणाली. "पुजाऱ्यानं कौल लावला. देवानं उजवा दिला, अक्का. सगळ्यांना सोडलं."

"देवाला विचारलंत. मला नाही विचारलंत?"

सोनाली सरळ उभी राहिली. "तुम्हाला आधी विचारलं होतं, अक्का."

एवढं बोलून ती आत गेली. गेटाची कडी पडली. चहावाल्यानं न मागता एक कप ईरम्माच्या हातात दिला आणि तिनं तो धरून ठेवला.

आणि तेवढ्यात, मोदी पुलाकडच्या बाजूनं, पायी, राजाबाई येताना दिसली. रोजचं हिरवं लुगडं, काखेत डब्याची पिशवी. कोट नाही, टोपी नाही. आणि कपाळ कोरं! कुंकवाशिवाय कपाळावर काही नाही.

ईरम्मानं मनात मोजलं. बावीसातली एक. एकच, पण देवाला मानणारी. ती पुढं गेली आणि भररस्त्यात तिनं राजाबाईचे दोन्ही हात धरले. "राजाक्का, तू एकटी खरी गं. तू एकटी शब्दाला जागलीस."

राजाबाई गोंधळून तिच्याकडं बघत राहिली. मग हात सोडवून घेऊन टपरीच्या बाकड्यावर टेकली आणि चंचीची दोरी सोडू लागली.

"अक्का, सकाळच्या पारी खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "मी बी गेले व्हते की काल. गाडीत पुढच्या सीटवर बसून गेले. पर त्या मॅडमनं आदी आधार कार्ड बघितलं. म्हनली, आज्जी, तुमची अठ्ठावन पुरी झाली, तुमी न्हाय चालणार. मंग म्या म्हनलं, काम न्हाय तर उगं कशाला देवाला तरास द्यायचा? पुजाऱ्यापुढं कपाळ केलंच न्हाय. नारळ फुटला, खोबरं खाल्लं आन् आले माघारी."

"आणि घेतलं असतं तर?"

"तर गेले असते की. तुमच्याकडं ऱ्हाऊन काय करू? तुमचं काम हाय कुटं आता?"

ईरम्मानं हातातल्या रिकाम्या कपाकडं बघितलं. राजाबाईचे हात धरताना चहा सांडून गेला होता, तेही आताच लक्षात आलं.

"मंग आता," राजाबाई बोटांवर तंबाखू घेत म्हणाली, "माजी शपत शाबूत हाय. आन् तुमची बी हाय. म्हनून आले. काम द्या."

"कुठलं काम देऊ, बाई? डोळ्यांनी बघितलंस न्हवं?"

"ते मला काय ठावं? तुमी म्हनला व्हता, काम मागाय आली तर रिकाम्या हातानं धाडणार न्हाय. बेलभंडार हातात घिऊन म्हनला व्हता. लई वर्सं झाली, पर मी इसरले न्हाय. घरात म्हातारा लुळा पडलाय, नातीची, सृष्टीची धाव्वी हाय औंदा. मी कुटं जाऊ? ह्या वयात मला दारात कोन उभं करंल?"

तिचं बोलणं भांडणाचं नव्हतं. भाजीवाली भाव सांगते तसं ती सांगत होती. आणि ईरम्मा, जी रविवारी बावीस जणींना देवाच्या नावानं धरायला निघाली होती, तीच आता देवाच्या नावानं धरली गेली होती. तेही जी संधी मिळताच सुटली असती, तिच्याकडून. या जगात न्याय असा वाकडा चालतो, आणि तरी तो न्यायच असतो असं म्हणावं लागतं, कारण वरचा बघत असतो.

"बारापर्यंत थांब," ईरम्मा म्हणाली. "बाराला वास सुटंल, मला आत बोलावतील. मग तुला पहिली लावते."

दोघी बाकड्यावर बसून राहिल्या. सात वाजले, नऊ वाजले. ओपीडीची गर्दी सुरू झाली. काचेच्या दारातून आतली फरशी दिसत होती, आणि ती चकचकीत होती. बायका कामाला वाईट कशाला असतील? त्यांना शिकवणारी बाहेर बाकड्यावर बसली होती.

साडेदहाच्या सुमाराला येडू धावत आला. "अक्का, आत पाणी आलंय! तळमजल्याच्या पॅसेजला. मोऱ्या उलट्या वाहायल्यात. प्लंबर आलाय, पण त्याला काही गावंना."

ईरम्मा ताठ बसली. हाच तो क्षण होता. शपथ मोडणाऱ्यांना बिरोबानं सोडलं असेल, तिच्या सिद्धरामेश्वरानं सोडलं नव्हतं. तिनं पदर सारखा केला आणि फोन मांडीवर घेतला. आता येईल घोडके साहेबांचा.

फोन आला नाही. अकरा वाजले. काचेच्या दारातून काळं पाणी पायऱ्यांवर आलं. दोन वॉर्डबॉय एका म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून नेताना दिसले. म्हातारा दोन्ही पाय पोटाशी धरून बसला होता. त्याच्या पायाला पट्टी होती, आणि पट्टीचं टोक पाण्यात लोंबत होतं. ईरम्माचं लक्ष त्या टोकावर गेलं ते तिथंच राहिलं.

पाणी का तुंबलं हे तिला बाकड्यावर बसूनच ठाऊक होतं. इमारत संपत आली तेव्हा गवंड्यानं स्ट्रेचरच्या उताराखाली सांडपाण्याचं एक चेंबर घाईघाईनं झाकलं होतं आणि वर फरशी बसवली होती. ते नकाशात नव्हतं. वर्षातून दोनदा रविवारी ती फरशी उचलून ईरम्मा एकटीच ते साफ करायची. कुणाला सांगितलं नव्हतं. मुद्दाम नव्हे, कुणी विचारलंच नव्हतं. प्लंबर संध्याकाळपर्यंत हुडकत बसला असता. संध्याकाळपर्यंत थांबलं तर घोडके साहेबांना फोन करावाच लागला असता, आणि मग ठेका नाही तरी काहीतरी मागता आलं असतं. कदाचित सगळंच मागता आलं असतं.

शेजारी राजाबाईनं डब्याची पिशवी उघडून बघितली आणि पुन्हा बांधली. काम लागल्याशिवाय डबा खायचा नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं.

ईरम्मा उठली. "चल," ती म्हणाली.

गेटावर येडूनं ओशाळून वहीत तिचं नाव लिहिलं आणि गळ्यात अडकवायला पाहुण्याचा पास दिला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. आत घोट्याएवढं पाणी होतं. सोनाली साडी खोचून उभी होती. ऋतुजा मॅडम फोनवर कुणाला तरी इंग्रजीत समजावत होत्या. वयानं कोवळीच पोरगी, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात. घोडके साहेब भिंतीला टेकून उभे होते.

"चेंबर कुठं आहे मला ठाऊक आहे," ईरम्मा म्हणाली.

"मग सांगा की लवकर, ईरम्माबाई!"

"सांगते. आधी हिला कामावर घ्या."

ऋतुजा मॅडमनी फोन खाली घेतला. "त्यांचं वय बसत नाही, मावशी. कंपनीचा नियम आहे."

"मग असू द्या पाणी."

"अहो, पेशंट आहेत इथं!"

"मला दिसतात. म्हणूनच आत आले. नाहीतर संध्याकाळी आले असते."

घोडके साहेबांनी ऋतुजा मॅडमकडं बघितलं. "हेल्पर म्हणून घ्या हो, मॅडम. स्टोअरला बसवा. वयाचं पत्र मी दवाखान्याकडून देतो." मॅडमनी मान हलवली. "ठीक आहे. घेते. सांगा आता."

"कागदावर," ईरम्मा म्हणाली.

"काय?"

"कागदावर लिहून द्या. नाव, काम, तारीख. खाली सही."

पॅसेजमधल्या बायका काम थांबवून बघत होत्या. ईरम्माच्या तोंडी कागद हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. सावित्रम्मानं तोंडाला पदर लावला, हसायला की कशाला कोण जाणे. सोनालीनं ट्रॉलीवरून कंपनीचा छापील कागद काढला आणि आपल्या सुंदर अक्षरात लिहून दिला. मॅडमनी सही केली. सोनालीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि राजाबाईच्या हातात ठेवला. राजाबाईनं तो घडी करून चोळीत सरकवला.

मग ईरम्मानं पहार मागितली. उताराच्या डाव्या अंगाची, भिंतीपासूनची तिसरी फरशी. प्लंबरनं ती उचकटली. इरकलीचे काठ भिजत असताना ईरम्मा गुडघ्यावर बसली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि एक लगदा ओढून काढला. कापूस, केस, आणि नव्या पोछ्यांचे निळे धागे. पाणी घुसमटलं, थांबलं, आणि मग असा आवाज करत खाली गेलं की पॅसेजमधल्या पोरी ओरडल्या. दोघीतिघींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. ईरम्मानं वळून बघितलं तशा टाळ्या थांबल्या.

"असे आणखी कुठं आहेत का, ईरम्माबाई?" घोडके साहेबांनी विचारलं. "नकाशात मांडून घेतो."

आणखी दोन होते.

"मला नाही ठाऊक," ईरम्मा म्हणाली. अकरा वर्षांत त्या इमारतीत ती बोललेलं ते पहिलं खोटं. त्याचं तिला वाईटही वाटलं नाही, आणि ते न वाटणंच तिला रस्ताभर टोचत राहिलं.

ती हात धुवायला मोरीकडं गेली. साबण लावला, पुन्हा लावला, वास जाईना. मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. राजाबाई होती. निळा कोट तिच्या गुडघ्यांच्या खाली येत होता, बाह्या दोनदा दुमडल्या होत्या. टोपी जरा वाकडी बसली होती. ईरम्माला वाटलं, आता काहीतरी बोलेल. निदान हात धरेल.

राजाबाईनं मागं वळून मॅडम कुठं आहेत ते बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "अक्का, आता जावा तुमी. मॅडम बगायलीय. पयल्याच दिशी माज्यावर बोल नको."

ईरम्मानं पदराला हात पुसले आणि गेली.

घरी आली तेव्हा गुरप्पा भाकरी कुस्करून ताकात भिजवत होता. तिनं इरकल बादलीत टाकली, जुनं पातळ नेसून बाहेर आली आणि चुलीपाशी बसली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"राजाबाईला लावून आले कामाला."

"कुठं?"

"कंपनीत."

त्यानं घास थांबवला. "आणि तुझ्या बायका?"

"कुठल्या बायका?" ईरम्मा म्हणाली, आणि त्याच्या ताटात चमच्यानं चटणी वाढली. मीठ मात्र चिमटीनं न वाढता तिनं डबाच त्याच्याकडं नुसता सरकवला. हाताचा वास अजून गेला नव्हता.